पान ११२ ते १५१

'कादंबरीच्या पहिल्या तीनशे शब्दांत एक तारीख, एक ठिकाण आणि एक आकडा येऊ द्या.'

हे वाक्य माझं आहे. 'छपाईआधी' नावाचं एक साप्ताहिक पत्र मी लिहीत असे. दर शनिवारी सकाळी ते दोन हजार सहाशे लेखकांच्या फोनवर जायचं. कोणती प्रकाशनसंस्था सध्या नवी हस्तलिखितं मागवते आहे, कोणाची यादी दोन वर्षांसाठी भरली आहे, सोबतचं पत्र एका पानाहून मोठं का नसावं, करारात ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळ्या कलमात का मागावेत, हे सगळं त्यात असे. पण बहुतेक लेखक थेट शेवटच्या भागाकडे जात. त्याचं नाव होतं 'ओढ कशी वाढवावी'.

ओढ म्हणजे शून्य ते शंभरमधला एक आकडा. हस्तलिखित यंत्राला दिलं की चार मिनिटांत तो मिळतो. २०३७ साली पुण्यातला, कोल्हापुरातला, नागपुरातला कोणताही मोठा प्रकाशक साठच्या खालची फाइल उघडत नाही. त्यांनाही दोष देता येत नाही. महिन्याला चारशे हस्तलिखितं येतात आणि वाचायला दोन माणसं असतात.

यंत्रात जादू काही नाही. वाचताना आपला डोळा ओळीवरून सरकत नाही, तो उड्या मारतो. एका उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतो, सात-आठ अक्षरं टिपतो आणि पुढे जातो. शंभरांतल्या दहा-पंधरा उड्या मागच्या दिशेनं असतात, म्हणजे वाचलेलं पुन्हा पाहायला. काही पानांवर बाहुली रुंदावते, काहींवर आक्रसते. हे यंत्र बनवणाऱ्या आमच्या कंपनीनं एकशेवीस वाचकांना कॅमेरा लावलेल्या चष्म्यातून पुस्तकं वाचायला दिली. प्रत्येकाच्या हाताशी एक बटण होतं. पुढे वाचावंसं वाटेना की ते दाबायचं. बटण दाबण्याआधीच्या दोन मिनिटांत डोळा काय करत होता, हे यंत्र शिकलं. मग ते कोणत्याही नव्या मजकुराबद्दल सांगू लागलं, की वाचक कुठे कंटाळेल.

माझा सल्ला लेखकांनी मनावर घेतला. गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकांत चौदा कथा तारखेनं सुरू झाल्या. एका प्रेमकथेतली नायिका पहिल्याच वाक्यात समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर उभी होती. मी तेव्हा हसले होते.

फेब्रुवारीत मला भंडारा जिल्ह्यातून फोन आला.

"'छपाईआधी'वाल्या ईश्वरी मॅडम बोलतात का जी?"

"हो, बोलते आहे."

"मी वत्सला उके. आरोग्यसेविका होती, रिटायर झाली. कादंबरी लिहिली. मशीननं त्रेचाळीस दिले. म्हणजे नापास समजायचं का?"

"साठच्या खाली प्रकाशक उघडत नाहीत, ताई."

"बाप्पा! दहावीले पस्तीसवर सोडून देतात, अन् इथं साठ?"

मला बाई आवडल्या. मी म्हटलं, फाइल पाठवा, बघते. पंधरा मिनिटांनी त्यांच्या कादंबरीचा आलेख माझ्या पडद्यावर होता. सुरुवात बरी होती. शेवट तर चांगलाच वर होता. मध्ये मात्र, पान ११२ ते १५१, रेषा खोल दरीत गेली होती. चाळीस पानांचं एकच प्रकरण.

मी उलट फोन केला. "ताई, हे एक प्रकरण काढलंत तर सत्तर सहज ओलांडाल. त्याच्या जागी एक परिच्छेद लिहा. तारीख, वेळ, ठिकाण आणि काय झालं ते."

"पूर्ण काढायचं?"

"पूर्ण."

त्या पानं उलटत असल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मग नत्थूचं काय होईल?"

मी पात्रांची यादी पाहिली. यंत्र ती आपोआप काढून देतं. नत्थू, डोंगा म्हणजे लहान होडी चालवणारा, एकूण उल्लेख एकतीस. "तो बाकीच्या प्रकरणांत आहेच की," मी म्हणाले.

"आहे न. बरं. काढते मग. मलेही हलकं वाटंल."

नव्या हस्तलिखिताला अठ्ठ्याहत्तर मिळाले. कोल्हापूरच्या ओगले नावाच्या प्रकाशकांनी महिन्याभरात करार पाठवला. वत्सलाताईंनी मला पाच किलो चिन्नोर तांदूळ पाठवला. तो मी आवडीनं खाल्ला आणि त्यांचं उदाहरण, नाव न घेता, पत्रात छापलं.

आता त्या एकशेवीस वाचकांबद्दल सांगायला हवं.

२०३२ साली मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि डॉ. अन्वय रेगे यांच्याकडे प्रकल्पावर काम करत होते. ही कंपनी त्यांचीच. रोज सहा तास, तीन आठवडे मराठी वाचू शकतील अशी माणसं शोधण्याचं काम माझ्याकडे होतं. ते फार अवघड निघालं. ग्रंथालयातले आजोबा तासाभरात चष्मा काढून गप्पा मारायला लागत. गृहिणी दुपारी उठून जात. कॉलेजची मुलं फोन काढत. मुदत संपायला बारा दिवस उरले आणि माझ्याकडे सव्वीस वाचक होते.

मी तेव्हा सदाशिव पेठेत एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर राहत होते. खाली स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी शंभरेक मुलंमुली सकाळी सहापासून बसलेली असत. मान वर न करता. मी खाली गेले आणि दोन दिवसांत चौऱ्याण्णव वाचक घेऊन आले. रेगे सर खूश झाले. इतकी स्वच्छ नोंद त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. कोणी जांभईसुद्धा दिली नाही.

एका व्यवसायाचे पंचवीस टक्क्यांहून जास्त वाचक नकोत, असा आमचा नियम होता. प्रत्येकाच्या अर्जात व्यवसायाचा रकाना होता. त्या चौऱ्याण्णव अर्जांवर मी वेगवेगळं लिहिलं: पदवीधर, खासगी शिकवणी, शेती, नोकरीच्या शोधात. त्यातलं एकही तसं खोटं नव्हतं. म्हणूनच ते लिहिताना हात अडखळला नाही.

यंदा एप्रिलमध्ये एका रविवारी मी टिळक रस्त्यावर चहा घेत होते. मागून आवाज आला.

"ओळखलंस का? तुझ्या यंत्राचा उंदीर!"

तो शिवराज लोखंडे होता, त्या चौऱ्याण्णवांतला. आता इंदापूरला नायब तहसीलदार. त्यानं माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला आणि जुन्या दिवसांवर घसरला.

"पुस्तकं बरी होती गं तुझी. पण फॅक्ट्स फार कमी."

"कादंबऱ्या होत्या त्या, शिवराज."

"असतील. आमचं डोकंच तसं झालं होतं. पान समोर आलं की यात प्रश्न कुठे पडेल, ते बघायचं. सन, नाव, आकडा, नदी, जिल्हा. एखाद्या पानावर काहीच सापडलं नाही तर परत वरून बघायचं, सुटलं की काय. तरी नाही सापडलं, की बटण!"

"तू एकटा की सगळेच?"

"आख्खी अभ्यासिका. मेसमध्ये हसायचो आम्ही त्यावर. एक प्राची म्हणून होती, ती तर नायकाच्या मृत्यूच्या पानावर परीक्षेसाठी 'वन लायनर' प्रश्न काढून ठेवायची." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू तर वरच राहायचीस. तुला माहीत नव्हतं?"

मी हसून विषय बदलला. पण प्रश्न योग्य होता. दोन वर्षं मी जिन्यातून येता-जाता त्यांना वाचताना पाहिलं होतं. हातात पेन्सिल, नजर पानावरून खाली घसरत जाणारी, कावळा दाणे टिपतो तशी. मला माहीत होतं. मी विचार केला नव्हता एवढंच, आणि न करण्यात माझी सोय होती.

सोमवारी मी जुनी नोंद काढली आणि दोन ढीग केले. चौऱ्याण्णव एकीकडे, सव्वीस दुसरीकडे. परीक्षार्थींचा डोळा मंदावला, मागे गेला, की दोन मिनिटांत बटण दाबलं जात होतं. उरलेल्या सव्वीसांचं उलट होतं. त्यांचा डोळा मंदावला, मागे गेला, बाहुली रुंदावली, की पुढचा अर्धा तास ते बटणाकडे फिरकत नव्हते. जिथे माणूस रेंगाळतो तिथे यंत्र त्याला कंटाळलेला समजत होतं. बहुमत चौऱ्याण्णवांचं होतं.

मी फक्त सव्वीसांच्या नोंदीवर यंत्राला पुन्हा शिकवलं आणि वत्सलाताईंची मूळ फाइल त्यात घातली. पान ११२ ते १५१ वर रेषा चौऱ्याऐंशीला गेली. सव्वीस हा आकडा लहान आहे. चूक दहा-बारा गुणांची असू शकते. तरी त्या जुन्या दरीपर्यंत ती पोचत नाही.

रेगे सरांनी माझे दोन्ही आलेख शांतपणे पाहिले.

"अर्जांवर तू लिहिलंस?"

"हो, सर."

"मूर्खपणा केलास. पण आता हे बघ." त्यांनी या वर्षीची नोंद उघडली. वाचनयंत्रांच्या कॅमेऱ्यातून आता हजारो वाचकांची, त्यांच्या परवानगीनं, माहिती येते. "२०३२ साली तुझे ते सव्वीस शंभरात चौदा वेळा मागे जात होते. आज सर्वसाधारण वाचक सहा वेळा जातो. जिथे रेंगाळतो तिथेच पुस्तक सोडतो. आज यंत्राचा अंदाज दहांत नऊ वेळा बरोबर येतो. चुकीचं यंत्र इतकं खरं कसं ठरेल?"

"पाच वर्षं आपण त्यांना दुसरं काही वाचायलाच दिलं नाही, सर. ते त्या चौऱ्याण्णवांसारखे झाले."

"असेल. मग आता दुरुस्त कोणासाठी करायचं? तुझे सव्वीस उरलेत कुठे?"

सर कठोर माणूस नाहीत. त्यांनी मला घरी जाऊन झोपायला सांगितलं, आणि या विषयावर बाहेर बोलणं करारभंग ठरेल याची आठवण करून दिली.

वत्सलाताईंची कादंबरी आठवड्याभरात छापखान्यात जाणार होती. मी फोन हातात घेतला आणि ठेवला, असं तीनदा झालं. फोनवर मी त्यांना एकदा सल्ला दिला होता. या वेळी समोर जायला हवं होतं. मी नागपूरची गाडी पकडली.

वत्सलाताईंचं घर भंडाऱ्याच्या अलीकडे आहे. अंगणात कडुनिंब, त्याखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. बाई ठेंगण्या, केस पूर्ण पांढरे, हात मात्र तरुण. त्यांनी मला आधी जेवायला घातलं. मग मी सगळं सांगितलं. अभ्यासिका, अर्ज, शिवराज, दोन रेषा. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मॅडम, तुम्ही ते प्रकरण वाचलं होतं का, काढा म्हणण्याआधी?"

वाटेत मी बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तयार केली होती. हा त्यांत नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "मी फक्त रेषा पाहिली होती."

"अन् त्याच्यानंतर?"

"तेव्हाही रेषाच."

त्या आत गेल्या, टाइप केलेले कागद घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवले. "मग आता वाचा. मी बसली आहे."

मी वाचलं. बारा मिनिटं लागली.

"काय आहे त्याच्यात?"

"नदीचा काठ. एक आरोग्यसेविका, एक अडलेली बाई. पलीकडून डोंगा यायची वाट बघतात. तो उशिरा येतो. बाई दगावते."

"उशिरा काऊन येते?"

मी कागद चाळू लागले. मला आठवत नव्हतं. मी ते वाचलंच नव्हतं. नजर पानांवरून घसरत गेली होती, तारीख शोधत, आकडा शोधत, आणि मी पाच वर्षं दुसऱ्यांची नजर तपासण्याचा पगार घेत होते.

वत्सलाताई रागावल्या नाहीत. शाळेतल्या बाईंसारख्या म्हणाल्या, "परत वाचा. घाई नाही."

दुसऱ्यांदा मला सव्वा तास लागला. बोट ओळीखाली ठेवून, पहिलीतल्या मुलीसारखं वाचलं. काठावर सुगंधा नावाची बाई कळा सोसते आहे. नदी फुगलेली, पलीकडे नत्थूचा डोंगा दिसतो, पण तो निघत नाही. सुगंधा घाबरू नये म्हणून सेविका तिला हसवायला लागते. गावातल्या प्रत्येक बाळंतपणाची गोष्ट सांगते. कोणाचा नवरा बेशुद्ध पडला, कोणाची सासू मुलगाच झाला म्हणून पेढे वाटून आली आणि घरी बघते तर मुलगी. सुगंधा कळ ओसरली की हसते, मोठ्यानं हसते. पाण्यावरून हसणं लांब जातं. पलीकडे नत्थू ते ऐकतो. दोन बाया गप्पा मारत बसल्या आहेत, त्याला वाटतं. पाणी ओसरू दे थोडं. तो विडी पेटवतो.

मी कागद खाली ठेवले. जवळजवळ संध्याकाळ झाली होती.

"हे खरं घडलेलं आहे," मी म्हणाले.

"दोन हजार सहा साली. गावानं त्याच्यावरच ठपका ठेवला. पंचायतीत तो सांगे, 'बाया हासून राहिल्या होत्या, म्हणून मले समजलं नाही.' कोणी ऐकलं नाही. मरणारी बाई हासते का? मले विचारलं. मी सरकारी माणूस. म्हटलं, मले काही आठवत नाही." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "डोंगा बंद झाला त्याचा. पोराची सोयरीक दोनदा मोडली. ते एक सांगाले मी बाकीची दोनशे पानं लिहिली, मॅडम."

आणि मी त्यांना त्या जागी परिच्छेद लिहायला लावला होता. मला तो आता पाठ होता. '१२ ऑगस्ट २००६, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. वैनगंगेच्या काठावर सुगंधा गेली. नत्थूचा डोंगा दोन तास उशिरा आला.' यंत्रानं त्याला पंच्याण्णव दिले होते.

"तुम्ही तेव्हा 'नाही' का म्हणाला नाहीत, ताई?"

"काऊन म्हणीन? मले तर सुटका वाटली. उद्या कोणी विचारलंच तर सांगता येईल, मी लिहिलं होतं, पुण्याच्या मॅडमनं काढाले लावलं." त्या माझ्याकडे बघून किंचित हसल्या. "तुम्ही एकट्याच नाही बसल्या ह्या खुर्चीवर."

मी ओगल्यांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. प्रकरण परत घालायचं आहे, हे मी सांगितलं.

"आकडा किती येईल?" त्यांनी विचारलं.

"त्रेचाळीस. पण तो चुकीचा आहे. चूक माझी आहे, मी लेखी देते."

"ईश्वरी, तुम्ही लेखी द्याल, पण विक्रेते तोच आकडा बघतात. साठखाली ते प्रती उचलत नाहीत. मी एकटा काय करणार? आहे तसं छापू या. चांगलं पुस्तक आहे."

वत्सलाताई फोनकडे झुकल्या. "साहेब, नका छापू मग."

"ताई, तुमचं पहिलं पुस्तक आहे. नीट विचार करा."

"एकतीस वर्षं तेच केलं जी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच फोन बंद केला.

त्या रात्री त्यांच्या ओट्यावर बसून मी 'छपाईआधी'चा शेवटचा अंक लिहिला. त्यात बातमी एकच होती, आणि सल्ला नव्हता. अभ्यासिकेचं नाव सोडून सगळं लिहिलं: अर्ज कोणी भरले, कसे भरले, किती लेखकांना मी काय काढायला सांगितलं. माझ्या नोंदीप्रमाणे तीनशे बारा. प्रत्येकाचं प्रकरण मी न वाचता काढायला लावलं होतं. अंक पाठवल्यावर पहिलं उत्तर वसईच्या एका लेखकाचं आलं. 'माझी मूळ प्रत मी पुसून टाकली, ताई. आता?'

सकाळी वत्सलाताई म्हणाल्या, "चला. दुधरामकडे जाऊ." कादंबरीतला नत्थू म्हणजे दुधराम मेश्राम. नऊ किलोमीटरवर त्याचं गाव. तो ओसरीत जाळं विणत बसला होता. वय पंचाहत्तरच्या पुढे, एका डोळ्यात फूल पडलेलं. वत्सलाताईंना पाहून तो उठला नाही आणि बसाही म्हणाला नाही.

"दुधरामभाऊ, मी काही लिहिलं आहे. तुमाले ऐकवायचं आहे."

"मले काय समजते लिहिलेलं?"

"तुमच्याबद्दल आहे."

तो जाळ्याकडेच बघत राहिला. वत्सलाताईंनी कागद उघडले. कागद त्यांनी माझ्याकडे दिले. "तुम्ही वाचा. माझ्याच्यानं नाही होत."

मी वाचू लागले. नदी, फुगलेलं पाणी, सुगंधाच्या कळा. दुधरामची बोटं गाठी मारत होती. दरवाजात त्याची सून येऊन उभी राहिली. मी पेढ्यांच्या गोष्टीपर्यंत आले, सुगंधा हसली, आणि मी पुढची ओळ वाचली: 'आम्ही दोघी इतक्या मोठ्यानं हसलो, की पलीकडच्या माणसाला आमचं संकट कळणं शक्यच नव्हतं.'

बोटं थांबली.

"कोणं लिहिलं हे?" त्यानं विचारलं. "ह्या बाईनं?"

"हो."

तो वत्सलाताईंकडे बघत नव्हता. त्यानं मान वळवून दाराकडे हाक दिली. "सूनबाई, पोराले उठव, किसनाले. मागच्या घरच्या गोदाबाईलेही बोलाव." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "थे येऊ दे सारे. मग पयल्यापासून वाच. सावकाश वाच."

माणसं एकेक करत अंगणात येऊ लागली. मी कागद पुन्हा पान ११२ वर आणले.